पोराचे पाप कोणाच्या पदरी?

गेल्या आषाढी वारीत एका मुक्कामी आम्हांस कीर्तनसेवेची आज्ञा झाली. कर्माच्या गतीचे निरूपण चालले होते. त्या ओघात महाभारतातील मांडव्य ऋषींचा दृष्टांत दिला. दृष्टांत जुना, शेकडो वेळा सांगितलेला, जिभेवर आपोआप चालणारा. कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी पाया पडून पांगू लागली. तेवढ्यात हातात रिकामा तांब्या घेतलेली एक वृद्ध माउली पुढे आली आणि म्हणाली, "म्हाराज, त्या रुषीनं चौदा वर्साच्या आतल्या लेकराला पाप न्हाई म्हनून ठरवून दिलं. लई ब्येस झालं. पर मला येक सांगा, मग त्ये पाप जातं कुठं? किडा तर मेलाच न्हवं?"

वाचकहो, चाळीस वर्षे आम्ही ही कथा सांगत आलो. पण हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नाही आणि खरे सांगावयाचे तर आम्ही स्वतःसही विचारला नाही. पाठशाळेत न्यायाचे चार ग्रंथ वाचले होते, शंका-समाधानाची सवय होती; पण त्या तांब्यापुढे तोंड उघडेना. "माउली, उद्या सांगतो," एवढेच म्हणालो. पहाटे तिची दिंडी पुढे निघून गेली. लाखो माणसांच्या त्या मेळ्यात पुन्हा गाठ पडणे कठीण. तिच्या दिंडीत कोणी तरी हे मासिक घेत असेल, तो तिला वाचून दाखवील, या आशेने हे लिहीत आहोत.

ज्यांस कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. आदिपर्वात आहे. मांडव्य ऋषी आश्रमाच्या दारी झाडाखाली हात वर करून मौनव्रत धरून उभे होते. चोर आले, त्यांनी चोरीचा माल आश्रमात दडवला आणि स्वतःही लपले. पाठोपाठ राजाचे शिपाई आले. "चोर कोणीकडे गेले?" ऋषी मौनात, उत्तर नाही. झडती झाली, माल सापडला, चोर सापडले. शिपायांनी ऋषींनाही चोरांत धरले आणि राजाज्ञेने सुळावर चढवले. तपाच्या बळाने प्राण जाईना. पुढे राजास कळले. तो धावत आला, पाया पडला, ऋषींना खाली उतरवले. पण सूळ काही केल्या अंगातून निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापून टाकला. आतले टोक, म्हणजे अणी, शरीरातच राहिले. म्हणून ते अणीमांडव्य. ती अणी अंगात वागवीतच ऋषी पुढे हिंडले. मग धर्मराजाच्या सभेत जाऊन त्यांनी विचारले, "कोणत्या कर्माचे हे फळ?" धर्म म्हणाला, "तुम्ही पतंगांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती." ते कर्म बालपणीचे. ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधास एवढा दंड? त्यांनी धर्मास शाप दिला, की तू दासीच्या पोटी जन्म घे. तोच विदुर, ज्याच्या घरच्या कण्या देवाने गोड मानल्या. आणि त्याच वेळी त्यांनी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षे पुरी होईपर्यंत केलेले कर्म पाप म्हणून गणले जाणार नाही.

कथा येथे संपते. माउलीचा प्रश्न येथे सुरू होतो.

या प्रश्नाने आमची झोप का उडाली, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ही गोष्ट आम्ही कधी व्यासपीठावर सांगितलेली नाही. आज लिहीत आहोत.

आमचे बालपण गोदाकाठच्या एका गावात गेले. घरी वारी, घरी एकादशी, दारी तुळस. तीर्थरूप तात्या पंचक्रोशीत कीर्तने करीत. माळकरी घर, उंबऱ्याच्या आत अंडे कधी आले नाही. मुलांच्या हाती मात्र बेचकी असे, आणि ज्वारी हुरड्यात आली की गोफण. शेताच्या मधोमध माच्यावर उभे राहून गोफणगुंडा भिरकावयाचा आणि "हो-हो-हो" करून आरोळी द्यावयाची, हे राखणीचे काम. त्या गोफणीने पाखरू मेलेले आम्ही पाहिले नाही. ती पाखरे उठवण्यासाठी होती. निम्मे काम आरोळीनेच होई.

मग मुंबईहून मामा आले. गिरणीत कामाला होते. भाच्यासाठी त्यांनी छऱ्याची बंदूक आणली होती. लाकडी दस्ता, निळसर काळी नळी, टोकाला माशी. नळी मधोमध मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाई. मग नळीच्या मुळाशी शिशाचा छर्रा बसवावयाचा, नळी सरळ करावयाची आणि घोडा ओढावयाचा. दारू नाही, धूर नाही. हवेच्या दाबाने छर्रा सुटे. छर्रा साडेचार मिलिमीटरांचा, कमरेत बारीक, मागून पोकळ. अशी बंदूक गावात दुसरी नव्हती. आम्ही राजे झालो. तात्यांनी प्रथम कपाळाला आठी घातली, पण मामा म्हणाले, "अहो, पेरूवर माकडं येतात, त्यांना भीती बसेल." तात्या "बरं" म्हणाले. तो 'बरं' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

या जातीच्या बंदुकीचा उगम पुढे आमच्या वाचनात आला. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील प्लिमथ गावी विहिरीचे पाणी उपसणाऱ्या लोखंडी पवनचक्क्यांचा एक कारखाना होता. १८८८ साली तेथे मुलांसाठी हवेच्या दाबाची एक धातूची बंदूक निघाली. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्यास ती भेट म्हणून देऊ लागले. थोड्याच वर्षांत चक्कीपेक्षा बंदुकीचाच खप वाढला आणि १८९५ साली कारखान्याने नावही बंदुकीचेच, 'डेझी' म्हणजे एका फुलाचे, घेतले. तेथे तिच्यात बारीक गोल गोळ्या घालतात. पिढ्यान् पिढ्या तिकडच्या मुलांस बापाने द्यावयाची पहिली मोठी भेट म्हणजे ही बंदूक. आम्हांस त्यात एक गोष्ट लागली ती अशी, की तहानलेल्यास पाणी देणारे यंत्र आणि हे खेळणे एकाच दारातून बाहेर पडले. आमच्या गोष्टीतही पाणी आहे.

१९७२ च्या दुष्काळापाठोपाठ १९७३ चा उन्हाळा आला. तो ज्यांनी पाहिला त्यांस सांगावयास नको. माणसे खडी फोडावयास गेली, पोरे सुकडीवर जगली, मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरेना. विहिरी आटल्या. आमच्या वाड्यातल्या विहिरीस बुडाशी थोडे पाणी होते. आजीचा नियम असा, की माणसांस कमी पडले तरी चालेल, पण दारची दगडी डोण रोज सकाळी एक घागर ओतून भरावयाची. गुरे दोनच उरली होती. पण सबंध शिवारात उघडे पाणी तेवढेच, म्हणून दुपारी डोणीवर पाखरांची रीघ लागे.

आमचे वय बारा. बंदूक येऊन दोन महिने झाले होते. प्रथम वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यावर नेम धरला. मग चिंचेवरच्या बोटकांवर. मग कुंपणावरच्या सरड्यावर. प्रत्येक पायरी चढताना हात थोडा कापे, आणि दुसऱ्या दिवशी कापेनासा होई. एके दुपारी ओसरीच्या खांबाआड बसून आम्ही डोणीवर नेम धरला.

पाखरे पाणी कशी पितात, ते आम्हांस त्या दुपारी प्रथम दिसले. चिमणी, साळुंकी चोचीत थेंब घेते, मान वर करते, गिळते, इकडे तिकडे पाहते. होला तसे करीत नाही. तो चोच पाण्यात बुडवतो आणि गुरासारखे सरळ ओढून पितो. मान वर करीत नाही. म्हणून नेमाला तो सोपा. आम्ही होला निवडला. घोडा ओढला. फट् असा बारीक आवाज झाला. इतर पाखरे उडाली. होला डोणीच्या काठावर पंख पसरून पालथा पडला.

आम्ही धावत गेलो, त्याला उचलले. अंग गरम होते. मान लटकली आणि चोचीतून दह्याच्या कण्यांसारखे पांढरे काही तरी आमच्या तळहातावर आले. ते काय, हे कळले नाही. आम्ही तो तसाच घेऊन तात्यांकडे गेलो. तात्या पोथी लावून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "नेम बरा आहे रे तुझा!" मग, "लांब नेऊन टाक, हात धू." आणि पान उलटले.

आजी दारात उभी होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती. होल्याकडेही नाही. ती तात्यांकडे पाहत होती. काही बोलली नाही. मग तिने हाताने डोणीचा काठ धुतला आणि त्या दुष्काळात, दुसरी घागर आणून, ते सगळे पाणी ओतून देऊन डोण पुन्हा भरली.

त्यानंतर तीसेक वर्षांनी एका गावी कीर्तनाच्या बिदागीबरोबर एका शिक्षकांच्या घरी मुक्काम पडला. ते पाखरांचे जाणकार. बोलता बोलता म्हणाले, "बुवा, कबुतर आणि होला यांची एक गंमत आहे. पिलू अंड्यातून निघाले, की पहिले काही दिवस त्याला दाणा चालत नाही. तेव्हा नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, दह्याच्या कण्यांसारखा. तोच पिलांच्या तोंडात घालतात. बहुधा दोन पिले असतात." त्यांनी ते गंमत म्हणून सांगितले. आम्ही हातातला घास ताटात ठेवला. तीस वर्षांपूर्वी आमच्या तळहातावर काय पडले होते, ते त्या दिवशी कळले.

असो. आता शास्त्राकडे वळू.

येथे प्रथम अशी शंका येते, की मुलाचा हेतू वाईट नसतो. आणि हेतू नाही तेथे पाप कसले? आम्हांस त्या होल्याचा राग नव्हता. त्याचे मांस खावयाचे नव्हते. पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात हिंसेची मुळे सांगितली ती तीन : लोभ, क्रोध आणि मोह. भाष्यकार उदाहरणे देतात, की मांसासाठी व कातड्यासाठी मारणे हा लोभ. याने माझे वाईट केले म्हणून मारणे हा क्रोध. मारल्याने मला धर्म घडेल असे समजून मारणे हा मोह. या तीन उदाहरणांत पोराचा खेळ कोठे बसतो? वरवर पाहता कोठेच नाही. मग हिंसाच झाली नाही म्हणावे काय?

तसे म्हणता येत नाही. कारण होला मेला. बारकाईने पाहिले तर खेळ हाही मोहाचाच एक प्रकार आहे. मोह म्हणजे जे समोर आहे ते न दिसणे. आमच्या डोळ्यांस माशी दिसत होती, माशीच्या टोकावर एक तपकिरी ठिपका दिसत होता; तहानलेला जीव दिसत नव्हता. हाताने गळा दाबावयाचा असता तर बारा वर्षांच्या मुलाचा हात धजला नसता. मधले वीस पावलांचे अंतर आणि तो बारीक 'फट्' आवाज यांनी मारणे हे मारणे वाटूच दिले नाही. गोफण पाखरास सावध करते. बंदुकीने पाखरू सावध झाले तर नेम चुकतो. दोहोंत भेद आहे तो हाच.

वाल्मीकि रामायणात दशरथाचा प्रसंग असाच आहे. तरुण राजपुत्र, पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, रात्रीचा अंधार. शब्दवेधाची कला हाती आलेली, तिची हौस. पाणी भरणाऱ्या घड्याचा आवाज आला. राजपुत्रास तो हत्तीचा वाटला. बाण सुटला आणि आंधळ्या आईबापांचा मुलगा पडला. वाल्मीकींनी त्या मुलाचे नाव दिलेले नाही. लोकांनी त्यास श्रावण म्हटले. तेथेही राग नाही, लोभ नाही. कलेचे कौतुक आहे, आणि तेथेही पाणीच आहे. मुलाचा पिता म्हणाला, की नकळत केलेस म्हणून तू जागच्या जागी मेला नाहीस; पण पुत्रशोक तुलाही होईल. म्हणजे नकळतपणाने दंड उणा झाला, शून्य झाला नाही. दशरथ चौदा वर्षांच्या आतला नव्हता, हे खरे. परंतु चौदाच्या आतल्यास ऋषींनी सोडले, तेव्हा माउलीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो : उरलेले गेले कोठे?

याचे उत्तर त्याच पतंजलींच्या सूत्रात आहे आणि आमच्यासारख्या पढिकांस ते तोंडपाठ असून दिसले नव्हते. ते म्हणतात, की हिंसा तीन प्रकारची : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केली असता "बरे केलेस" म्हणून मानलेली. ही तीन, त्यांची मुळे तीन, म्हणून नऊ. आणि सौम्य, मध्यम, तीव्र या भेदांनी सत्तावीस. भाष्यकार तर पुढे ८१ पर्यंत मोजतात. डबा, सरडा, होला या आमच्या पायऱ्या म्हणजे सौम्य, मध्यम, तीव्र यांचेच चढणे होते. पण येथे आम्हांस प्रयोजन आहे ते पहिल्या तिहींशी. मांडव्यांनी चौदा वर्षांची मर्यादा घातली ती कोणत्या हिंसेला? बालकाने केलेल्या कर्माला, म्हणजे 'कृत' हिंसेला. 'कारित' आणि 'अनुमोदित' यांना त्यांनी सूट दिलेली नाही. ती हिंसा करणारे चौदा वर्षांचे नसतात. ते मामा असतात, तात्या असतात. भेट आणणारे आणि "बरं" म्हणणारे असतात. पोथीचे पान उलटता उलटता "नेम बरा आहे" म्हणणारे असतात.

वडिलांचा न्याय करण्याचा अधिकार पुत्रास नाही, हे आम्ही जाणतो. तात्यांनी आम्हांस जे दिले त्यावर आमचा संसार व परमार्थ दोन्ही उभे आहेत. त्यांनी आयुष्यात मुंगी जाणूनबुजून चिरडली नसेल. तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना ज्ञानोबारायांनी जे विस्ताराने लिहिले आहे, त्यावर तात्या तीन तीन दिवस निरूपण करीत. आणि नेमके म्हणूनच हे लिहिले पाहिजे. मांसाहारी घरातल्या बापाने ते शब्द काढले असते तर त्यात इतके काही नव्हते. अहिंसेवर बोलणाऱ्याच्या तोंडून ते निघाले. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने स्वतः न मारणे एवढ्याने माळ राखली जात नाही. आपल्या हातांपुरती अहिंसा पाळावयाची आणि शेजारच्या लहान हातांकडे कौतुकाने पाहावयाचे, हे आम्हां वारकऱ्यांच्या घरांत घडते; नाही म्हणू नये.

येथे एक सज्जन आम्हांस अडवतील. "बुवा, तुम्ही नेमालाच नावे ठेवता. थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा मार्ग छऱ्याच्या बंदुकीनेच सुरू झाला, हे तुम्हांस ठाऊक नाही काय?" ठाऊक आहे. १८९६ साली जन्मलेले सालिम अली लहानपणीच पोरके झाले, मुंबईत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. खेळण्यातल्या हवाई बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग असलेली, नेहमीची नव्हे. मुलाने मामांस विचारले, ही कोणती? मामांनी त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी त्या पोरास कपाटे उघडून पाखरांचा संग्रह दाखविला. तेथून जो मार्ग लागला त्याने हिंदुस्थानच्या पाखरांची ओळख साऱ्या देशास करून दिली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीच्याच पडण्यावरून आहे. ते १९८५ साली निघाले.

परंतु ही कथा बारकाईने ऐका. त्या मुलास बंदुकीने घडवले काय? बंदुका पुष्कळांच्या हाती होत्या. त्या मामांच्या तोंडी "नेम बरा आहे" हे शब्द आले नाहीत. मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला तेव्हा थोरांनी नेमाकडे नव्हे, चिमणीकडे पाहिले. आणि पोरालाही पाहावयास लावले. बारा वर्षांचे आम्ही होला घेऊन गेलो, तेव्हा तळहातावर ते दूध होते. तात्यांनी चष्मा पुसून "हे रे काय?" एवढे विचारले असते, तर तीस वर्षांनी कळले ते त्याच दिवशी कळले असते. कदाचित बाभळीवर चढून ती दोन पिले शोधली असती. वाचली असती असे म्हणत नाही. पण शोधली असती.

आणि नेमास आम्ही नावे ठेवीत नाही. मुंडकोपनिषदात प्रणवाला धनुष्य म्हटले आहे, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य. आमच्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हवाई बंदुकीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. तो छर्रा साडेचार मिलिमीटरांचाच, पण समोर कागद. जत्रेत फळीवर फुगे लावून पोरे नेम धरतात, त्यालाही आमची हरकत नाही. महाभारतातील द्रोणाचार्यांची परीक्षा सर्वांस पाठ आहे. अर्जुनास पाखराचा डोळाच दिसला, असे आपण सांगतो. मुळात त्यास पाखराचे मस्तक दिसले असे आहे. तो भेद लहान. पण दुसरी एक गोष्ट आपण कीर्तनकार सांगावयास विसरतो. झाडावरचे ते पाखरू खरे नव्हते. द्रोणांनी ते कारागिरांकडून करवून घेतले होते. एवढा मोठा धनुर्विद्येचा आचार्य, ज्याचे शिष्य उद्या रणात माणसे मारणार. पण पोरांस नेम शिकविताना त्याने झाडावर बाहुले बसविले. नेम शिष्याचा, पण लक्ष्य कोणते ठेवावयाचे ते गुरूने ठरविले. थोरांचे काम ते हेच.

एवढे सगळे उमजून आम्ही शहाणे झालो असू, असे कोणी समजू नये. तीन वर्षांपूर्वी पंढरपुरी दर्शन करून परतताना खेळण्यांच्या दुकानापुढे नातवाने हट्ट धरला, आणि आम्ही त्यास प्लॅस्टिकची बंदूक घेऊन दिली. पिवळ्या बारीक गोळ्या उडविणारी. घरी आल्यावर तो अंगणात खेळत होता. भिंतीवर मांजर झोपले होते. गोळी कानाला लागली, मांजर दचकून पळाले. आणि आमच्या तोंडून शब्द निघून गेले, "वा रे गड्या! नेम आहे!"

आवाज आमचा नव्हता, तात्यांचा होता. पन्नास वर्षे उलटली तरी शब्द तेच, चाल तीच. हातात पोथीही होती.

आम्ही पोथी मिटली. नातवास जवळ घेतले. बंदूक हिसकावून घेतली नाही; चूक त्याची नव्हती आणि घेऊन देणारे आम्हीच होतो. ती प्लॅस्टिकची गोळी मांजराच्या डोळ्यात गेली असती तर काय झाले असते, ते त्यास सांगितले. पोराच्या डोळ्यात गेली तर तसेच, हेही सांगितले. मग दोरीवर जुन्या पंचांगाची पाने टांगून दिली, त्यांवर तो नेम धरू लागला. रात्री त्यास होल्याची गोष्ट सांगितली, काही न लपविता. तो म्हणाला, "आजोबा, मग त्या पिलांना कोणी भरवलं?" आम्ही म्हणालो, "दुसरा होला राहिला असेल, त्याने भरवलं असेल. पुरलं की नाही, ते ठाऊक नाही." तो काही बोलला नाही. आम्हीही काही बोललो नाही.

आता कोणी विचारील, "बुवा, आयुष्यभर नाम घेतलेत, त्याने हे धुतले गेले नाही काय?" नामाच्या सामर्थ्याविषयी आम्हांस शंका नाही. पण नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांतला एक अपराध गणला आहे, हेही विसरू नये. नाम हे केलेले विसरण्यासाठी नाही. तुकोबारायांची कथा वारकऱ्यांस ठाऊक आहेच. शेत राखावयास बसवले तर त्यांनी पाखरांस उठवले नाही, खाऊ दिले. आणि दुसरी अशी, की एकदा त्यांस पाहून पाखरे उडाली, तेव्हा त्यांस खंत वाटली, की अजून आपल्यात यांना भिण्यासारखे काही शिल्लक आहे. पाखरे अंगावर येऊन बसेपर्यंत ते स्तब्ध उभे राहिले. ज्यांच्या हाती गोफणही नव्हती त्यांस ती खंत. आमच्या हाती तर बंदूक होती.

तेव्हा, माउली, तुझ्या प्रश्नाचे आमच्या बुद्धीप्रमाणे उत्तर असे. किडा मेलाच. होला मेलाच. ते कर्म हवेत विरले नाही. ऋषींनी ते लेकराच्या पदरातून काढले, ते शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याच्या पदरात पडले. चौदा वर्षे ही पोराला दिलेली सूट नव्हे. ती थोरांना दिलेली मुदत आहे. तेवढ्या वर्षांत त्याला समोरचा जीव दिसावयास शिकवा. नाही शिकवले, तर जे घडेल ते तुमच्या खात्यावर. आणि पोर मोठे झाल्यावर? त्याच्याकडे पाप नसेल. पण आठवण असेल. सूळ काढला तरी मांडव्यांच्या अंगात अणी राहिलीच होती. ती घेऊनच त्यांनी तप केले. आमच्याही अंगात ती आहे. ती निघावी असे आता वाटत नाही. नातवाजवळ बसलो असता तिनेच आमची पोथी मिटविली.

आजीचा नियम आमच्या घरी अजून चालतो. दगडी डोण फुटली, तिच्या जागी मातीची परळ आहे. सकाळी पूजेआधी ती भरावयाची. दुपारी होले येतात, चोच बुडवून पाणी ओढतात आणि मान वर करीत नाहीत. आम्ही ओसरीवर बसून नातवासह पाहतो.

राम कृष्ण हरि.